चितारआळीतला आंबा आणि संगणकातली कवटी

सावंतवाडीतील एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला गेल्या वर्षी आला. संस्थेचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण तेथे जे घडले ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी घडले असते. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने एका मांसभक्षक डायनोसॉरची कवटी मांडली होती. मांडली होती म्हणजे संगणकाच्या पडद्यावर. परदेशातल्या एका संग्रहालयाने सर्वांसाठी खुली ठेवलेली प्रतिकृती तिने उतरवून घेतली होती, फुकट मिळणाऱ्या एका आज्ञावलीत ती बसविली होती आणि जबडा मिटताना कवटीच्या कोणत्या भागावर किती ताण पडतो हे रंगांत दाखविले होते. निळा भाग निवांत, हिरवा मध्यम, तांबडा ताणाने बेजार. चित्राखाली ठळक अक्षरांत चाव्याचे बल न्यूटनमध्ये लिहिलेले होते. पाच आकडी संख्या, आणि दशांशचिन्हापुढे आणखी दोन स्थळे.

आम्ही तिघे परीक्षक होतो. बाकीचे दोघे त्या चित्रापुढून हलेनात. माझी नजर मात्र त्या दोन दशांश स्थळांवर खिळली होती. मी तिला सहज आमच्या बोलीत विचारले, "बाय, हो आकडो खंयसून इलो?" ती म्हणाली, "सर, सॉफ्टवेअरने दिला." स्नायू किती जाडीचे धरले, असे विचारताच ते एका लेखातून घेतल्याचे तिने सांगितले. त्या लेखाने ते कोठून घेतले, यावर ती गप्प झाली. तेवढ्यात सहपरीक्षकांपैकी एकाने, "सर, मुलीला घाबरवू नका," असे म्हणून माझी उलटतपासणी थांबविली. पहिले पारितोषिक तिलाच मिळाले. मी विरोधी मत लेखी नोंदवले. 'म्हाताऱ्या मास्तरांना नवे सोसत नाही' असा शेरा तेव्हापासून माझ्या वाट्याला आला आहे. प्रस्तुत लेख हे त्या शेऱ्याला उत्तर आहे.

प्रथमच सांगतो, माझी तक्रार त्या मुलीविरुद्ध नाही. तिने केलेले काम मला माझ्या उमेदीत करायला मिळाले असते तर मी रात्ररात्र जागलो असतो. माझी तक्रार बक्षीस देणाऱ्यांविरुद्ध आहे. त्यांनी रंगाला बक्षीस दिले, आकड्याला बक्षीस दिले, आणि तो आकडा ज्या गृहीतांवर उभा आहे त्यांच्याविषयी एक अक्षर विचारले नाही.

आमच्या चितारआळीत लाकडाचा आंबा मिळतो. पाहुणे येतात, हाताळतात, घेऊन जातात. देठाजवळची लाली, पिवळ्यात उतरत जाणारी हिरवी छटा, सारे इतके हुबेहूब की टेबलावर ठेवला तर मूल चावायला धावेल. पण चितारी कधी म्हणत नाही की हा आंबा गोड आहे. त्याने आंब्याचे रूप घेतले, रंग घेतला. रस घेतला नाही, वजनही घेतले नाही. काय घेतले आणि काय सोडले हे त्याला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकालाही, कारण गिऱ्हाइकाने खरा आंबा खाल्लेला असतो. संगणकातली कवटी हाही लाकडी आंबाच आहे. फरक एवढाच की डायनोसॉरचा खरा चावा कोणीही पाहिलेला नाही. त्यामुळे काय घेतले आणि काय सोडले हे करणाऱ्याने स्वतः सांगितले नाही, तर गिऱ्हाईक लाकडाला रसाळ म्हणून मोकळे होते.

ही रीत थोडक्यात समजावून घेऊ. जीवाश्म झालेले हाड रुग्णालयात असते तसल्या सीटी स्कॅनच्या यंत्रात ठेवतात. क्ष-किरणांनी त्याचे शेकडो पातळ काप टिपले जातात आणि ते एकावर एक रचून संगणकात हाडाचा घनाकार उभा राहतो. मग त्या घनाकाराचे लाखो बारीक तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ढकलतो, किती ओढतो, याची समीकरणे मांडून सारी एकदम सोडवितात. अभियंते या रीतीला 'फायनाइट एलिमेंट' म्हणतात. विमानाच्या पंखांचे गणित करता करता १९५० नंतरच्या दशकात ती आकाराला आली आणि हे नाव तिला १९६० साली मिळाले. पूल, धरणे, मोटारींचे सांगाडे आज याच रीतीने तपासले जातात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या एमिली रेफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अ‍ॅलोसॉरस या प्राण्याची कवटी या रीतीने तपासली, आणि तेव्हापासून जीवाश्मांच्या अभ्यासात तिचा बोलबाला झाला.

पुलाचे गणित करणाऱ्याला लोखंड किती कडक आहे हे ठाऊक असते; तो ते कारखान्यात मापून घेतो. जीवाश्माचे तसे नाही. हाडाचा आता दगड झालेला आहे. त्या दगडाचा कडकपणा मापून उपयोग नाही. म्हणून मगरीचा, पक्ष्याचा किंवा गाईच्या हाडाचा कडकपणा उसना घ्यावा लागतो. स्नायू तर कधीच कुजून गेले. हाडावर उरलेल्या त्यांच्या खुणा आणि ते ज्या पोकळीतून जात ती पोकळी पाहून त्यांची जाडी ठरवायची. एक चौरस सेंटिमीटर स्नायू किती जोर लावतो हे जिवंत प्राण्यांवरून घ्यायचे. तंतूंचा कल अंदाजाने धरायचा. कवटी मानेला कोठे घट्ट धरलेली होती हेही आपणच ठरवायचे. यातला आकार तेवढा दगडातून आला. बाकी सारे उसने आहे. उसने घेण्यात लाज नाही, पण ज्याचे घेतले त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे लागते. संगणक बेरजेत चुकत नाही. आपण दिलेली चूक मात्र तो दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत बिनचूक मोजून परत देतो.

आता प्रत्यक्ष आकडे पाहा. टायरॅनोसॉरस रेक्स हा सर्वांच्या परिचयाचा. त्याचा चावा किती जोराचा होता? १९९६ साली काही संशोधकांनी ट्रायसेरॅटॉप्स या प्राण्याच्या कमरेच्या हाडावरचे दाताचे व्रण घेतले, धातूचा तसाच दात केला आणि गाईच्या कमरेच्या हाडात तेवढेच खोल छिद्र पडेपर्यंत तो दाबला. उत्तर आले ६,४१० ते १३,४०० न्यूटन. २०१२ साली दुसऱ्यांनी संगणकात स्नायू बसवून गणित केले. एका मागच्या दातावर ३५,००० ते ५७,००० न्यूटन. २०१७ साली तिसऱ्यांनी मगरीच्या स्नायूंचा आधार घेतला. ८,५२६ ते ३४,५२२ न्यूटन. (एक किलो वजनाचा भार म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन, म्हणजे ५७,००० न्यूटन हा जवळजवळ सहा टनांचा भार झाला.) सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात जवळजवळ नऊ पटींचे अंतर आहे. यात खोटे कोणी बोलले नाही. पहिल्यांनी एका प्राण्याने एका वेळी घेतलेला चावा मोजला; कदाचित तो पोट भरल्यावर कुरतडत बसला असेल. दुसऱ्यांनी त्याचे स्नायू जास्तीत जास्त काय करू शकले असते ते काढले. तिसऱ्यांनी उसनवारीसाठी वेगळे घर निवडले. प्रश्न वेगळे, गृहीते वेगळी, म्हणून उत्तरे वेगळी. मूळ निबंधांत हे सारे पानोपानी नोंदलेले आहे. वर्तमानपत्रात येईपर्यंत मात्र त्यातला सर्वांत मोठा आकडा तेवढा शिल्लक राहतो.

आपल्याकडे २०२४ साली हेच झाले. कच्छमधील पानंध्रो येथील लिग्नाइटच्या खाणीत सापडलेल्या एका प्रचंड सर्पाला रुडकीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी 'वासुकी इंडिकस' असे नाव दिले. सुमारे ४ कोटी ७० लक्ष वर्षांपूर्वीचा हा साप. हाती आलेले अवशेष म्हणजे पाठीचे २७ मणके. मणक्याच्या रुंदीवरून लांबी काढण्याच्या एका रीतीने ती १०.९ ते १२.२ मीटर आली आणि दुसऱ्या रीतीने १४.५ ते १५.२ मीटर. संशोधकांनी दोन्ही मांडल्या. कित्येक मथळ्यांत मात्र एकच आकडा होता, पंधरा मीटर. आणि त्याच्या जोडीला 'जगातील सर्वांत मोठा'. पहिली रीत खरी ठरली तर तो सर्वांत मोठा ठरेलच असे नाही, ही गोष्ट वाचकाला कोणी सांगितली? हाती असलेल्या पुराव्याचा एक तुकडा निवडून बाकीचा झाकून ठेवला, तर शास्त्रीय आकडा आणि बाजारातली अफवा यांत भेद तो काय राहिला!

येथवर वाचून काही वाचकांना आनंद झाला असेल, अशी मला धास्ती आहे. त्या प्रदर्शनानंतरच्या रविवारी मिस्साविधीनंतर चर्चच्या पायऱ्यांवर एका सद्गृहस्थांनी माझा हात दाबला. "म्हणजे सगळे अंदाजपंचेच ना, सर!" त्यांच्या मते चाव्याचा आकडा अंदाजाचा म्हणजे कोट्यवधी वर्षेही अंदाजाची, आणि डायनोसॉर म्हणजे शास्त्रज्ञांची पुराणकथा. मी त्या परीक्षकांवर रागावलो होतो; या गृहस्थांवर अधिक रागावलो. परीक्षकांनी निदान काही तरी पाहिले होते. खडकांचे वय चाव्याच्या आज्ञावलीतून येत नाही. ते किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून मोजतात, आणि तो हिशेब सर्वस्वी निराळा आहे. उत्क्रांतीचा सिद्धांत ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनीच १९९६ साली पोंटिफिकल अकादमीला पाठविलेल्या संदेशात नमूद केले होते. चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून चर्चपेक्षा अधिक कर्मठ होण्याचे कारण नाही.

अंदाज आणि अंदाज यांत अंतर असते. मोकळ्या मैदानात उभा राहून 'पाडा मला' असे म्हणणारा अंदाज वेगळा आणि देवघराच्या पडद्याआड बसलेला वेगळा. २००२ साली जॉन हचिन्सन आणि मारियानो गार्सिया यांनी टायरॅनोसॉरस वेगाने धावू शके काय, हा प्रश्न घेतला. त्यांनी आपले गणित आधी कोंबडीवर आणि मगरीवर चालवून पाहिले, कारण त्यांची चाल डोळ्यांनी पाहता येते. गणित त्या परीक्षेत उतरल्यावरच ते डायनोसॉरकडे वळले. ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावायचे तर त्याच्या दोन पायांतल्या स्नायूंचेच वजन सर्व शरीराच्या ८६ टक्के भरले असते; म्हणजे पोट, छाती, डोके यांना उरले काय? त्यांनी कागदावर ६,००० किलोची कोंबडीही वाढविली आणि तिला धावणे अशक्य असल्याचे दाखविले. स्नायूंचे वजन कोणी नेमके जाणत नसताही 'इतके वेगाने नाही' एवढे ठामपणे म्हणता आले. खरी गती किती, यावर मात्र त्यांनी ऐसपैस मर्यादा ठेवली. प्रतिमानाचे, ज्याला आपण मॉडेल म्हणतो त्याचे, खरे बळ पुष्कळदा असे नकारात असते.

आणि जेथे परीक्षेत नापास झाले तेथे तेही छापले गेले. २०१५ साली शहामृगाच्या खऱ्या कवटीवर ताण मापणाऱ्या पट्ट्या चिकटवून भार दिला आणि त्याच कवटीच्या संगणकीय प्रतिमानाशी ताडून पाहिले. चोचीकडच्या भागात सर्वाधिक ताण कोठे पडतो ते साधारण जुळले. मेंदूच्या बाजूला मात्र कवटी प्रतिमानाप्रमाणे वाकतच नव्हती. ताणाचा आकडाही ठिकठिकाणी चुकला. कवटीच्या हाडांमधल्या शिवणी आणि वेगवेगळ्या पदार्थांचा कडकपणा यांनी हिशेब बिघडविला. ही फजिती त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली. ज्याचा चावा आपण पाहू शकतो त्या पक्ष्याच्या बाबतीत ही गत, तर सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याला दशांशाची दोन स्थळे कोणत्या अधिकाराने द्यायची?

या साऱ्याची शिस्त कोणी तरी फार पूर्वी घालून दिलेली आहे, आणि तो आपल्याच घरचा माणूस आहे. निकोलाऊस स्टेनो हा १६३८ साली कोपनहेगनमध्ये जन्मलेला शरीरशास्त्रज्ञ. १६६६ साली लिव्होर्नोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड शार्क पकडला गेला आणि त्याचे डोके फ्लॉरेन्सला स्टेनोकडे चिरफाडीसाठी आले. मालवणच्या वाचकाला मोरीच्या दातांचे अप्रूप नाही. स्टेनोला ते वाटले, कारण माल्टा बेटावरच्या खडकांत सापडणाऱ्या आणि लोक 'जिभेचे दगड' म्हणत त्या वस्तू थेट या दातांसारख्या होत्या. १६६७ साली त्याने जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याचा बराच मोठा भाग स्नायूंच्या भूमितीविषयी आहे, आणि शार्कच्या डोक्याची हकिकत त्याला जोडलेली आहे. जीवाश्म आणि स्नायूंचे गणित ही दोन्ही एका बांधणीत प्रथम आली ती अशी. आजच्या आज्ञावल्यांची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

पण मला अधिक मोलाची वाटते ती त्याची मांडणी. स्नायूच्या भागात तो युक्लिडच्या धर्तीवर आधी व्याख्या देतो, मग 'हे मी गृहीत धरले आहे' असे सांगून गृहीते देतो आणि त्यानंतरच निष्कर्षांकडे वळतो. स्नायूचे तंतू समांतर, स्नायू म्हणजे तिरपा घनाकार, असे त्याचे प्रतिमान. त्यावरून तो दाखवितो की आकुंचन पावताना स्नायू फुगलेला दिसला तरी त्याचे घनफळ वाढायलाच हवे असे नाही. शार्कच्या भागात पाहिलेल्या गोष्टी एकीकडे आणि त्यांवरून काढलेले तर्क दुसरीकडे, अशी त्याने स्पष्ट विभागणी केली आहे. दगड हे दात होते असे त्याला मनोमन वाटत असूनही त्याने ते तर्काच्या रकान्यात ठेवले. त्याच वर्षी त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला, १६७५ साली तो धर्मगुरू झाला, दोन वर्षांनी बिशप, आणि १९८८ साली चर्चने त्याला धन्य घोषित केले. त्याची स्नायूंची भूमिती पुढे दीर्घकाळ विस्मृतीत गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकावर स्नायूंचे गणित करणाऱ्यांनी जवळजवळ तीच आकृती पुन्हा हाती घेतली. पायऱ्यांवरच्या त्या गृहस्थांना मी एवढेच विचारतो: गृहीत उघड सांगणारा हा माणूस तुम्हाला अविश्वसनीय वाटतो, की गृहीतच नाही असे भासविणारा?

असो. आता थोडे आपल्या मातीकडे येऊ. आमच्या सिंधुदुर्गाच्या जांभ्यात डायनोसॉर सापडत नाहीत, हे खरे. पण महाराष्ट्रात सापडतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव येथे १९८४ ते १९८६ या काळात एका लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा हाती लागला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ साली त्याला 'इसिसॉरस' हे नाव मिळाले. 'आय.एस.आय.' म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. त्या संस्थेवरून ते नाव. संख्यांची संस्था आणि डायनोसॉरची हाडे, हा योगायोग या लेखाच्या विषयाला किती शोभतो! या सांगाड्याबरोबर कवटी मिळाली नाही. म्हणून त्याचा चावा किती, तो काय चावत असे, हे कवटीच्या गणितावरून काढण्याची सोय नाही.

आणि तरीही या कुळातले प्राणी काय खात असावेत, हे आपल्याला ठाऊक झाले. त्याच परिसरात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथे जीवाश्म झालेली विष्ठा विपुल सापडते; एकोणिसाव्या शतकात नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातले जीवाश्म गोळा केले होते. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक सहानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विष्ठेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकेचे कण निघाले. डायनोसॉरच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच, अशी तोवरची समजूत होती. २०११ साली तर भाताच्या कुळातल्या गवताचा पुरावा तेथूनच मिळाला. ही विष्ठा बहुधा त्या लांब मानेच्या प्राण्यांची. आता कल्पना करा, २००५ पूर्वी कोणी या प्राण्यांच्या दातांचे प्रतिमान केले असते, तर 'अन्न: पाने' असे गृहीत धरून त्याने कितीही सुंदर रंग भरले असते. एका शेणाच्या गोळ्याने ते गृहीत हलविले. पण गृहीत लिहिलेले असेल तरच ते हलविता येते. लपविलेले असेल तर चूक कोठे आहे हेच कळत नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत अशा प्रत्येक चित्राशेजारी एक दुसरा तक्ता अनिवार्य करावा: काय मापले, काय उसने घेतले आणि कोणाकडून, आणि उसने दुप्पट केले तर उत्तर किती बदलते. परीक्षकांनी हा तक्ता आधी वाचावा, चित्र नंतर पाहावे. ज्यांना हे जमत नाही त्यांनी परीक्षक होऊ नये. हे मी माझ्या त्या दोन सहकाऱ्यांना उद्देशून लिहितो आहे आणि त्यांनी ते तसेच समजावे. दुसरे, या भूमीत निघालेल्या हाडांच्या प्रतिकृती या भूमीतल्या मुलांना सहज मिळाव्यात. परदेशांत अनेक संग्रहालये त्या महाजालावर खुल्या ठेवतात, म्हणून आमच्या मुलीला तिकडची कवटी मिळाली. आपल्या मातीतल्या प्राण्याचे एखादे हाड तिने पुष्कळ शोधले. तिला ते सापडले नाही. जनतेच्या पैशाने उकरलेले हाड जनतेच्या मुलांपासून लांब ठेवण्याचे समर्थन मला तरी सुचत नाही.

त्या मुलीविषयी लिहायचे राहिले. पारितोषिक घेतल्यावर महिन्याभराने ती माझ्या घरी आली. रागावून आली असेल असे वाटले; तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत खाटकाकडून आणलेला, उकडून स्वच्छ केलेला बोकडाचा खालचा जबडा. तो तिने माझ्या पडवीतल्या शेगड्याला आवळला, टोकाला वाण्याकडून मागून आणलेली वजने एकेक करून टांगली आणि गावातल्या लेथच्या कारखान्यातून उसने आणलेले डायल गेज लावून जबडा किती वाकतो ते लिहून घेतले. पाच किलो, दहा, पंधरा. मग त्याच जबड्याचे मोबाइलवर शंभरेक फोटो काढून संगणकात प्रतिमान केले. संगणकातला जबडा खऱ्यापेक्षा बराच कमी वाकला. हाड आतून पोकळ आहे हे फोटोला दिसत नाही, असा तिचा तर्क आहे. तो तिने तर्काच्या रकान्यात लिहिला आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही जबडा करवतीने कापून पाहणार आहोत.